दहावीनंतर एक दार नको, दोन दारे हवीत

दहावीचा निकाल लागला की आमच्या विहारात गर्दी होते. बुद्धवंदना आटोपते, दिवा शांतपणे तेवत असतो आणि चटईवर गुणपत्रिका उघडल्या जातात. आम्ही चार-पाच कार्यकर्ते चष्मे सावरून बसतो. कोणी बँकेत कारकून, कोणी पालिकेत, कोणी शाळेत शिपाई. शिक्षणतज्ज्ञ आमच्यात कोणी नाही. पण फॉर्म कसा भरायचा, दाखला कुठून आणायचा, शिष्यवृत्ती कशी अडते, हे आम्ही स्वतः ठेचा खाऊन शिकलो आहोत.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एक जोडपे मुलाला घेऊन आले. वडील सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलाला चोपन्न टक्के. वडील म्हणाले, "दादा, ह्याला आयटीआयला घालतो. दोन वर्षांत हाताला काम लागेल." आई ताडकन म्हणाली, "काही नको! आमच्या सात पिढ्यांनी हातानंच केलं. ह्याला अकरावीला घाला. पोरगं ग्रॅज्युएट झालं पाहिजे." मुलगा मान खाली घालून दोघांचे ऐकत होता.

आम्हाला त्या रात्री झोप आली नाही. कारण दोघांचेही खरे होते. घरात दोन पैसे लवकर यायला हवेत, हे वडिलांचे म्हणणे खरे. आणि बाबासाहेबांच्या लेकराने पुस्तक खाली ठेवायचे नाही, हे आईचे म्हणणेही खरे. प्रश्न असा, की ह्या दोघांत भांडण का असावे? मुलाने शाळेचा दाखला आणि हाताचे कसब, दोन्ही एकाच वेळी का मिळवू नये? ह्याच प्रश्नाचा आज विचार करायचा आहे.

बाबासाहेबांची दुहेरी नोंदणी

दोन ठिकाणी नाव घालून शिकणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले, तेव्हा त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे असे दोन्हीकडे नाव घातले. एक विद्या ज्ञानाची, दुसरी पोटाची आणि समाजाच्या लढ्याची. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला परत यावे लागले. पण त्यांनी दोन्हींपैकी एकही सोडले नाही. पैसे जमवून १९२० ला पुन्हा गेले आणि १९२३ पर्यंत एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर अशा तिन्ही गोष्टी मिळवल्या. उद्या वकिली करून पोट भरता आले, तरच सरकारी नोकरीच्या ओंजळीने पाणी प्यावे लागणार नाही, हा त्यामागचा हिशोब होता.

पुढे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग भरत. सकाळी कॉलेज, दिवसभर कचेरी. आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी कारकून, शिक्षक, वकील त्या सकाळच्या वर्गांतून बाहेर पडले. संस्थेचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटाकडे बघून ठरवले, तर काय घडू शकते त्याचा हा जिताजागता पुरावा आहे.

न्यूयॉर्कमधली एक शाळा

बाबासाहेब ज्या न्यूयॉर्कमध्ये शिकले, त्याच शहरातल्या ब्रुकलिन भागात २०११ साली एक आगळी शाळा सुरू झाली. तिचे नाव पी-टेक. अमेरिकेत नववी ते बारावी म्हणजे हायस्कूल. ह्या शाळेत ती चार वर्षे आणि त्यापुढची कॉलेजची दोन वर्षे एकत्र सांधली आहेत. मुलगा हायस्कूलमध्ये असतानाच त्याचे नाव कॉलेजच्या विषयांनाही घातले जाते. तो तिथले पेपर देतो आणि ते गुण त्याच्या खात्यावर जमा होतात. सहा वर्षांत हायस्कूलचा दाखला आणि आपल्याकडच्या डिप्लोमासारखी दोन वर्षांची पदवी, दोन्ही हाती येतात. त्या पदवीला घरच्यांना फी भरावी लागत नाही.

ही शाळा तिघांनी मिळून उभी केली. शहराचे शिक्षण खाते, तिथल्या सार्वजनिक विद्यापीठाचे तंत्र महाविद्यालय आणि आयबीएम ही संगणक कंपनी. कंपनीची माणसे मुलांना मार्गदर्शक म्हणून लाभतात, सुट्टीत पगारी उमेदवारी मिळते आणि शिक्षण पुरे झालेल्यांना नोकरीच्या रांगेत पुढे उभे केले जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रवेशाला चाळणी परीक्षा नाही. तिथे शिकणारी बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषिक घरांतली, हातावर पोट असणाऱ्यांची. २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा स्वतः ती शाळा बघायला गेले होते.

हा प्रयोग एकदम आकाशातून पडला नाही. न्यूयॉर्कमध्येच १९७४ साली लाग्वार्डिया कॉलेजच्या आवारात एक हायस्कूल सुरू झाले होते. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना कॉलेजच्या वातावरणात आणून बसवायचे, म्हणजे त्यांना 'मीही इथला आहे' असे वाटेल, ही त्यामागची कल्पना. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदाच केला, की अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेता येतील. आज अशा दुहेरी प्रवेशाचा लाभ घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या अमेरिकेत २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाखांवर गेली होती.

पण तिथेही सारे आलबेल नाही. कृष्णवर्णीय मुलांचा त्यातला वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच राहिला. कारण ज्यांच्या घरात माहिती असते, तेच आधी रांगेत उभे राहतात. दुसरे असे, की कित्येक मुले हाताला लागतील ते विषय घेतात, गुण गोळा करतात आणि शेवटी ते कोणत्याच पदवीला किंवा नोकरीला जोडलेले नसतात. नुसता कागद वाढतो. ही दोन्ही दुखणी आपल्या वस्तीतही आहेत, म्हणून ती नीट ध्यानात ठेवावीत.

आपल्याकडे काय आहे?

"ते अमेरिकेचे झाले, आपले काय?" असे कोणी म्हणेल. आपल्याकडेही दुहेरी वाटा आहेत. फक्त त्यांचा डांगोरा कोणी आपल्या गल्लीत पिटला नाही.

पहिली वाट द्विलक्षी अभ्यासक्रमाची, ज्याला मुले 'बायफोकल' म्हणतात. अकरावी-बारावीला दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा आणि त्या जागी दोनशे गुणांचा एक व्यावसायिक विषय घ्यायचा. विज्ञान शाखेला इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स. वाणिज्य शाखेला बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट. शेतीकडे पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे विषय. म्हणजे मुलगा बारावीही होतो आणि हाताला काहीतरी कसबही लागते. मूळ हेतू फार चांगला. पण झाले काय? ज्यांना माहिती होती त्यांनी हा विषय 'प्रॅक्टिकलला भरपूर गुण मिळतात' म्हणून घेतला आणि ते इंजिनियरिंगला निघून गेले. आपल्यातल्या पुष्कळांना तो फॉर्ममधला रकाना कशाचा, तेच कळले नाही.

दुसरी वाट आयटीआयची. देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, संगणक ऑपरेटर हे एका वर्षाचे. वस्तीत सर्वांना एवढे ठाऊक असते. जे ठाऊक नसते ते असे, की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय करणाऱ्या मुलाला त्याच कष्टावर बारावीचाही दाखला मिळवता येतो. राज्य मंडळाच्या परीक्षेच्या फॉर्ममध्ये आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट' अशी सोय आहे. आयटीआयचे गुण मंडळ आपल्याकडे वर्ग करून घेते आणि मुलाने भाषेचे पेपर द्यायचे. आठवी पास होऊन आयटीआय केलेल्याला ह्याच रीतीने दहावीचा दाखला मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडूनही आयटीआयवाल्यांना अशी सवलत आहे.

तिसरी वाट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला ठरावीक अटींवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. डिप्लोमा झाला की पुढे इंजिनियरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे फिटर होणारा मुलगा इंजिनियर होण्याचे दार बंद करत नाही. हे वाक्य प्रत्येक आईला सांगण्याजोगे आहे.

चौथी वाट उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. त्याचा कायदा १९६१ चा. त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिला उमेदवार घेणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तर आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा तीन वेगवेगळ्या गटांतून उमेदवार घेतले जातात. मुलगा जहाजाच्या कारखान्यात शिकतो आणि महिन्याला विद्यावेतनही घेतो.

पाचवी वाट मुक्त विद्यापीठाची. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायलाही परवानगी दिली. बारावीचा दाखला हाती असलेला उमेदवार दिवसा कारखान्यात जातो आणि रविवारी बी.कॉम.चा वर्ग करतो. काल जे चोरून करावे लागे ते आज उघड करता येते.

आमची एक चूक

इथे आमचा एक अपराध कबूल करतो, म्हणजे इतरांच्या हातून तो घडणार नाही. वस्तीतल्या एका हुशार मुलीला नर्स व्हायचे होते. अकरावी सायन्सचा फॉर्म भरताना कॉलेजच्या खिडकीवर कोणी सांगितले, "बायफोकल घ्या, गुण वाढतील." तिची आई आमच्याकडे विचारायला आली. आम्हीही म्हणालो, "घ्या ताई, चांगलं असतं." त्या विषयासाठी मुलीने जीवशास्त्र सोडले. बारावीला गुण खरोखर चांगले पडले. पण बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरायला गेली तेव्हा कळले, की त्याला जीवशास्त्र लागतेच. मुलगी विहाराच्या पायरीवर बसून रडली. आमच्या तोंडून शब्द फुटेना.

पुढे तिने जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला. त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. आज ती नोकरीत आहे आणि दिसली की हसून "जयभीम काका" म्हणते. पण ती पदवी हुकली ती आमच्या अर्धवट सल्ल्याने, हे आम्ही विसरत नाही. तेव्हापासून आमच्या टेबलावर एक नियम झाला. दार आत जाताना कसे आहे ते नंतर बघायचे. ते बाहेर कुठे उघडते, ते आधी बघायचे.

कसब शिकवणे आणि जातीत कोंबणे

इथे एक सावधगिरी हवी. आयटीआयचे नाव काढले की समाजातले काही विचारवंत बंधू रागावतात. "पुन्हा आमच्याच मुलांनी पाना धरायचा आणि त्यांच्या मुलांनी पेन?" हा राग बिनबुडाचा नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचे आणि चांभाराच्या मुलाने चामडे कापायचे. पेरियार रामस्वामींनी 'ही जन्मजात धंद्याची शाळा आहे' म्हणून रान उठवले. १९५४ साली राजगोपालाचारींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांच्या सरकारने ती योजना रद्द केली.

मग भेद कसा ओळखावा? आमच्या मते कसोटी सोपी आहे. ज्या शिक्षणातून वर जाण्याचा जिना आहे ते कसब. ज्यातून जिना नाही तो सापळा. मुलाला बापाचाच धंदा शिकवून तिथेच ठेवले, तर ती जात झाली. मुलाला यंत्र शिकवले, त्यासोबत बारावीचा दाखला दिला, डिप्लोमाचे दार उघडे ठेवले, तर ती मुक्ती झाली. म्हणून आम्ही कधीही 'आयटीआयच करा' असे सांगत नाही. आयटीआय करा आणि बारावीही करा, असे सांगतो. त्यातला 'आणि' कोणी गाळू नये.

प्रशिक्षण झाले, नोकरीचे काय?

दुसरा प्रश्न त्याहून तिखट आहे. २० मार्च २०१८ रोजी मुंबईत माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेच्या प्रशिक्षित उमेदवारांनी रूळ अडवले. मध्य रेल्वेची वाहतूक सकाळी काही तास ठप्प झाली. ही मुले रेल्वेच्याच कारखान्यांत शिकून तयार झालेली. रेल्वेने खालच्या श्रेणीच्या भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या. आम्हाला तुम्हीच शिकवले, मग सर्वांना कामावर घ्या, ही त्यांची मागणी. कॅलेंडर बघा, तो दिवस चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा होता. ९१ वर्षांपूर्वी त्याच तारखेला आपल्या माणसांनी पाण्यासाठी पाऊल उचलले होते.

कायद्याने उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. हे पालकांनी आधीच समजून घ्यावे, म्हणजे पुढे पदरी निराशा येणार नाही. पण म्हणून उमेदवारी फुकट जात नाही. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, ते कोणत्याही कारखान्याच्या दारात दाखवता येते. त्यातही दुसरा दाखला, म्हणजे बारावी किंवा डिप्लोमा, सोबत असेल तर माणूस एकाच मालकाच्या तोंडाकडे बघत बसत नाही. दोन दारांचे महत्त्व इथे कळते.

विहारातून काय करता येईल?

मोठ्या योजना सरकारने आखाव्यात, त्यासाठी आपण मागण्या कराव्यात. पण दहा बाय बाराच्या विहारातही दुहेरी शिक्षणाची छोटी योजना चालवता येते. आम्ही गेली काही वर्षे जे करून पाहिले, ते नम्रपणे मांडतो.

पहिले. सुरुवात दहावीच्या निकालानंतर नको, आठवीपासून हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कामधंद्याची ओळख करून द्यावी, असे सांगितले आहे. शाळेने केले तर उत्तम. न केले तर आपल्या वस्तीत इलेक्ट्रिशियन आहे, परिचारिका आहे, एसटीच्या कार्यशाळेतला मेकॅनिक आहे. महिन्यातून एका रविवारी त्यांनी विहारात येऊन आपले काम मुलांना दाखवावे. मुलींनाही दाखवावे. वायरिंग ही काही फक्त मुलग्यांची मिरास नाही.

दुसरे. प्रत्येक मुलाचा एक कागद तयार करावा. त्यावर शेवट आधी लिहावा. काय व्हायचे आहे, त्याला कोणते विषय लागतात, ते विषय कुठे मिळतात, असे मागे मागे यावे. आणि त्यासोबत 'हे जमले नाही तर दुसरे दार कोणते' हा रकाना रिकामा ठेवू नये.

तिसरे. वेळेचा हिशोब. आयटीआयला ८० टक्के हजेरी लागते. त्यामुळे दिवसाचे कॉलेज आणि आयटीआय, दोन्हीकडे बसणे अशक्य. म्हणूनच गुण वर्ग करून घेण्याची वाट, मुक्त विद्यालय किंवा मुक्त विद्यापीठ निवडावे. कोणी एजंट 'दोन्हीकडे हजेरी मॅनेज करतो' म्हणाला, तर त्याला दारातूनच जयभीम करावा.

चौथे. भाषा आणि गणित. आयटीआयची मुले यंत्रावर तरबेज होतात आणि इंग्रजीच्या पेपरात अडकतात. आम्ही संध्याकाळी सात ते साडेआठ विहारात इंग्रजी आणि गणिताचा वर्ग घेतो. शिकवणारे आपलेच, कॉलेजात जाणारे भाऊ-बहीण. फी नाही. अट एकच, यायचे ते वेळेवर.

पाचवे. प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस. पी-टेकमध्ये कंपनीचा मार्गदर्शक असतो. आमच्याकडे कंपनी नाही, पण निवृत्त फोरमन आहेत, नोकरीतल्या ताया आहेत. पंधरा दिवसांतून एकदा 'कसं चाललंय?' एवढे विचारायचे. मुले नापास होऊन शिक्षण सोडतात त्याहून अधिक मुले कोणी विचारले नाही म्हणून सोडतात, असा आमचा अनुभव आहे.

सहावे. पैसा आणि कागद. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, बँकेचे खाते हे दहावीच्या वर्षीच दिवाळीपर्यंत तयार ठेवावे. पुढच्या व्यावसायिक शिक्षणाला जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज लांबवू नये. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर वेळेत भरावा. ध्यानात ठेवा, एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. दोन अभ्यासक्रम करत असाल तर शिष्यवृत्ती कोणत्या अभ्यासक्रमावर घ्यायची ते आधी ठरवा, नाहीतर दोन्ही अडकतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांनी बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

ही शिष्यवृत्ती आपल्याला कोणी दान म्हणून दिलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली अनुसूचित जातींसाठी ती सुरू झाली. धम्म स्वीकारल्यावर आपल्याला केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. इतक्या लढ्यानंतर मिळालेला हक्क फॉर्मची तारीख चुकली म्हणून बुडावा, ह्यापरते दुर्दैव कोणते?

आई-वडिलांना विनंती

बंधू-भगिनींनो, मुलाचे भवितव्य ठरवताना घरात भांडू नका. मुलाला मध्ये बसवा आणि त्यालाही बोलू द्या. मुलगी असेल तर 'लग्नापर्यंत शिकू दे' हा हिशोब डोक्यातून काढून टाका. तिलाही दोन दाखले हवेत. एखाद्या दिवशी नवऱ्याची गिरणी, कंपनी बंद पडली तर घर तिच्याच दाखल्यावर उभे राहणार आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा हे आपण मुंबईत डोळ्यांनी पाहिले आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाचे काय झाले? त्याने फिटरचा ट्रेड घेतला. दोन वर्षे संध्याकाळी विहारात इंग्रजीचा वर्ग केला. आयटीआयचे गुण वर्ग करून, भाषेचे पेपर देऊन बारावीचा दाखला काढला. पहिल्या खेपेला इंग्रजीत तो नापास झाला, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा वडील म्हणाले, "जाऊ दे आता." आई म्हणाली, "पुन्हा बसव." तो पुन्हा बसला आणि पास झाला. मग उमेदवारी केली. मागल्या वर्षी त्याने पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला.

प्रवेश झाला त्या दिवशी तिघेही विहारात आले. आईच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. वडिलांनी दोन कागद पुढे केले, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि बारावीची गुणपत्रिका. म्हणाले, "दादा, त्या दिवशी आम्ही दोघं भांडत होतो. दोघांचंही झालं बघा." आई काही बोलली नाही. तिने ते दोन्ही कागद बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवले, पदराने डोळे पुसले आणि कागद परत पिशवीत नीट घडी करून ठेवले.

येत्या निकालानंतर तुमच्या विहारातही गुणपत्रिका उघडतील. तिथे एक टेबल मांडा, दोन खुर्च्या ठेवा आणि दोन्ही दारांची माहिती असलेला एक माणूस बसवा. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!